तुम्ही विचारलंत म्हणून: भरलेला ट्रेलर किती स्पीडने न्यावा?

नवी गाडी घेणारा मालक असो की पगारी ड्रायव्हर, कळंबोलीत माझ्याकडे आलेला माणूस चहा संपायच्या आत हे विचारतोच: ट्रेलर किती स्पीडने चालवला म्हणजे डिझेल सर्वांत कमी लागेल?

एका आकड्यात हवं असेल तर 60. भरलेला कंटेनर, सपाट चौपदरी रस्ता, टॉप गिअर, ताशी 60 ते 65. बहुतेक जण एवढं ऐकून उठतात. पण हा आकडा माझ्या गाड्यांचा आहे, तुमच्या गाडीचा वेगळा असू शकतो.

रस्त्यावर इंजिनाला दोघांशी झुंजावं लागतं. एक टायर. त्यांचा विरोध वजनाप्रमाणे ठरतो, वेगाने त्यात फारसा फरक पडत नाही. दुसरी हवा, आणि तिचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. 60 चे 80 केलेत की वेग वाढतो एक तृतीयांश, हवेचा विरोध होतो जवळजवळ 1.8 पट. त्यात आपला कंटेनर म्हणजे हवेत ढकललेलं कपाट. 40 टनांची गाडी धरून मी हिशोब मांडला तर 80 च्या आसपास हवा टायरच्या बरोबरीला येते. अशी गाडी 60 ला लिटरमागे पावणेचार किलोमीटर काढेल, 80 ला तीन. हे कागदावरचं, चढ, टोल, खड्डे यात धरलेले नाहीत.

यातूनच एक गोष्ट निघते जी ड्रायव्हर मंडळींना पटवताना माझा घसा बसतो. रिकामी गाडी हलकी, म्हणून तिला पळवायला हरकत नाही असं सगळे धरून चालतात. उलट आहे. रिकाम्या ट्रेलरला टायरचा विरोध कमी, पण हवेला आत माल आहे की नाही याच्याशी घेणं नाही. त्यामुळे रिकाम्या गाडीच्या डिझेलमध्ये हवेचा वाटा मोठा, आणि वेग वाढवला की ॲव्हरेज टक्क्यांमध्ये जास्तच पडतं. परतीचं भाडं नसताना गाडी 80 ने बंदराकडे हाकणं हा दुहेरी तोटा.

मग 40 नेच का जाऊ नये? कारण इंजिन. 40 ला टॉप गिअर ओढत नाही, खालच्या गिअरमध्ये यावं लागतं, आणि पंखा, कॉम्प्रेसर, एसी हे तासाच्या हिशोबाने खातात, किलोमीटरच्या नाही. टॅकोमीटरवरची हिरवी पट्टी बघा. टॉप गिअरमध्ये गुदमरल्याशिवाय गाडी ओढेल आणि काटा त्या पट्टीच्या खालच्या अर्ध्यात राहील, तो तुमचा स्पीड. माझ्या एका हॉर्सचा, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीचा, ॲक्सल रेशो 4.1 आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट 4.1 फेरे घेतो. तिचा काटा 60 ला 1300 आरपीएमच्या आसपास असतो. रेशो पाचच्या पुढचा असेल तर तितक्याच वेगाला काटा 1600 वर जातो. सेकंडहँड हॉर्स घेताना लोक हॉर्सपॉवर विचारतात, टायर ठोकून बघतात, रेशो कुणी विचारत नाही.

यूट्यूबवर अमेरिकेतले सेमी ट्रक बघून 65 मैल म्हणजे 105 किलोमीटरचं काय, असं विचारणारेही आहेत. तिथली भरलेली गाडी 80,000 पौंडांची, म्हणजे 36 टनांची. नाक आणि टप हवेसाठी घडवलेलं, रेशो लांब पल्ल्याचा. तरी तिथलेही म्हणतात की 55 मैलांच्या पुढे प्रत्येक मैलाला गॅलनमागे साधारण एक दशांश मैल जातो. तेलटंचाईनंतर 1974 साली त्यांनी देशभर 55 चीच मर्यादा लावली होती. आपल्याकडे गाडीत बसवलेला वेगमर्यादक, स्पीड गव्हर्नर, 80 ला रोखतो. ती वरची हद्द आहे, पण आपल्याकडे तिलाच चालवायचा स्पीड समजतात.

आता माझ्या मते खरी गळती कुठे आहे ते सांगतो: ब्रेकमध्ये. 40 टनांची गाडी 80 वरून थांबवली आणि पुन्हा 80 ला नेली की जवळपास पाऊण लिटर डिझेल गेलं. तेवढ्यात ती दोन किलोमीटर चालली असती. 60 वरून थांबवली तर 0.4 लिटर. टोलनाका दिसत असताना शेवटपर्यंत एक्सिलेटर दाबून धरणारा ड्रायव्हर आणि लांबूनच पाय काढून गाडी गिअरमध्ये सोडून देणारा ड्रायव्हर, दोघांच्या ॲव्हरेजमधला फरक स्पीडोमीटरवर दिसत नाही.

गिअरमध्ये म्हणालो, न्यूट्रलमध्ये नाही. आताच्या कॉमन रेल (कॉम्प्युटरने डिझेल सोडणाऱ्या) इंजिनात उतारावर गाडी गिअरमध्ये असून पाय वर असेल तर डिझेल बंदच होतं. न्यूट्रल मारलं की इंजिन चालू ठेवायला ते पुन्हा लागतं. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून निकामी होऊ शकतात. कात्रजच्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना त्याने काय होतं, ते पुणेकरांना विचारा.

स्वतःचा आकडा काढायचा तर एकाच मार्गावर, सारख्या वजनाने, त्याच पंपावर टाकी काठोकाठ भरून काही खेपा 60 ने आणि काही 70 ने करून बघा. पावसाळ्यात करू नका. तेव्हा वारा पश्चिमेचा. नागपूरहून बंदराकडे येताना समोरून 20 चा वारा असेल तर 60 ची गाडी हवेच्या लेखी 80 ने चालली आहे. आणि टायरमधली हवा आधी तपासा, नाहीतर सगळंच मोजमाप फुकट.

वेळेचं काय? न्हावाशेवा ते नागपूर 800 किलोमीटर धरा. 80 ने दहा तास, 60 ने तेरा तास वीस मिनिटं, आणि वर दिलेल्या हिशोबाने डिझेलचा फरक 50 ते 60 लिटरचा. लिटरला 90 रुपये धरले तर पाच हजारांच्या आसपास. समृद्धीवर दिवसभर अखंड 80 कुणाला मिळत नाही, त्यामुळे वाचलेला वेळ याहून कमीच असतो. हे तीन तास ड्रायव्हरला नको असतात, मालकालाही नको असतात. ते मागतो माल घेणारा. म्हणून मी भाडं ठरवतानाच पोहोचायची वेळ 60 धरून सांगतो. एखादी पार्टी त्यामुळे दुसरीकडे जाते. गाडी सकाळी सहाला दारात हवी म्हणायचं आणि गेट दहाला उघडायचं, अशा पार्टीसाठी 50 लिटर जाळायची माझी तयारी नाही.