जरा लवकर ओरडा

मी डायव्हिंगचा बोर्ड सोडला त्याला नऊ वर्षं झाली. उजव्या खांद्यानं सांगितलं, बाई, आता पुरे. तेव्हापासून मी टँकच्या काठावर, कोच म्हणून. सोलापूरच्या उन्हात बोर्डाचं अ‍ॅल्युमिनियम असं तापतं की पोरी आधी शॅमी, म्हणजे अंग टिपायचं फडकं, भिजवून त्यावर पिळतात, मगच पाय ठेवतात. आम्हीही तेच करायचो.

सध्या एका तेरा वर्षांच्या मुलीला तीन मीटरच्या बोर्डावर ४०३ सी ही उडी शिकवतेय. ४ म्हणजे इनवर्ड, ३ म्हणजे तीन अर्ध्या कोलांट्या, सी म्हणजे टक, गुडघे छातीशी घेऊन. पाण्याकडे पाठ, टाचा हवेत, आणि फिरायचं ते बोर्डाच्याच दिशेनं. गंमत अशी की हीच उडी एक मीटरवर २.२ काठिण्याची आणि तीन मीटरवर १.९ची, कारण उंचावर फिरायला वेळ जास्त मिळतो. पण हे वर उभ्या असलेल्या पोरीला पटवून दाखवा!

भीती खोटीही नाही. १९८८ला सेऊल ऑलिंपिकमध्ये ग्रेग लुगानिससारख्या नामांकित डायव्हरचं डोकं बोर्डाला लागलं. टाके घालून तो परत आला आणि सुवर्णपदक घेऊन गेला. (ती रिव्हर्स होती, पाण्याकडे तोंड करून मारायची, पण तिथेही अंग बोर्डाकडेच फिरतं.) मुलांना मी ही गोष्ट सांगत नाही. त्यांच्या लक्षात टाके तेवढे राहतात.

घाबरलेलं पोर मागे झुकतं, उडी लांब जाते आणि फिरायला उंचीच उरत नाही. "लांब नको, वर जा," हे माझं दिवसभराचं पालुपद.

दुसरं काम हाकेचं. फिरताना नवख्याला पाणी कुठे आहे ते कळत नाही. खालून "हो!" आलं की टक सोडून उघडायचं. मी उड्या मारायचे तेव्हा वाटायचं, सर उगाच ओरडतात.

काल ती वीस मिनिटं वरच उभी होती. मी काही बोलले नाही. शेवटी उडाली, आणि इतकी उंच गेली की मी बघतच राहिले. हाक उशिरा गेली. उडी ओव्हर, म्हणजे गरजेपेक्षा जास्त फिरली, सपकन पाठीवर.

माझी उडी चुकायची तेव्हा पाठ माझीच लाल व्हायची. तो हिशोब सोपा होता.

काठाला आली तेव्हा म्हटलं, "माझं चुकलं गं."

तिनं नाक शिंकरलं, शॅमी उचलली आणि शिडीकडे निघाली. जाता जाता म्हणाली, "मॅडम, या वेळी जरा लवकर ओरडा."