'थोडा' म्हणजे किती?

काकांनी खुर्चीत बसायच्या आधीच कागद टेबलावर ठेवला. आमच्याच दवाखान्याचं नागिणीच्या लशीचं माहितीपत्रक. त्यात मी लिहिलेलं वाक्य होतं: 'लस घेतल्यावर हात थोडा दुखू शकतो, थोडा ताप येऊ शकतो.' दोन्ही 'थोडा'भोवती लाल शाईचं वर्तुळ आणि समासात प्रश्नचिन्ह.

"चाळीस वर्षं प्रुफं तपासली मी, डॉक्टर. शब्द चुकीचा पडला की राहवत नाही."

वय बहात्तर. अडीच महिन्यांपूर्वी पहिला डोस मीच दिला होता. आज दुसऱ्याची वेळ होती आणि तो घेणार नाही, एवढं सांगायला ते आले होते. फोनवर भागलं असतं, पण तसं करणारे हे गृहस्थ नव्हेत.

पहिल्या डोसाच्या रात्रीच त्यांना हुडहुडी भरली. अंग इतकं ठणकत होतं की कूस बदलता येईना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या मित्राच्या पुस्तकाचं प्रकाशन होतं. प्रुफं यांनीच वाचलेली, चार शब्दही बोलायचे होते. तिकडे कार्यक्रम चालू आणि हे इकडे दोन पांघरुणं घेऊन पडलेले. तिसऱ्या दिवशी सकाळी ताप गेला तो गेलाच.

"दुखण्याचं काही नाही हो," ते म्हणाले. "नीट सांगितलं असतंत तर इंजेक्शन चार दिवसांनी घेतलं असतं."

मी गप्प बसले. कारण आकडा मला तेव्हाही माहीत होता. या लशीच्या चाचण्यांत साधारण सहा जणांमागे एकाला इतका त्रास झाला की रोजची कामं करता आली नाहीत. दोन-तीन दिवसांत तो ओसरला. पण हे छापलं तर लोक बिचकतील, म्हणून मी 'थोडा' लिहून मोकळी झाले होते. आम्हा डॉक्टरांची ही जुनीच खोड. पेशंट घाबरेल या नावाखाली त्याचा हिशेब आम्हीच परस्पर करून टाकतो.

नागीण काय चीज आहे, हे त्यांना पटवायची गरज नव्हती. त्यांच्या थोरल्या भावाला झाली होती, उजव्या बरगड्यांवर. फोड तीन आठवड्यांत वाळले, पण आग वर्षभर राहिली. सदऱ्याचं कापड घासलं तरी ते कळवळायचे, रात्री बसून काढायचे. शिवाय सुरुवातीला घरात एकच धास्ती होती: वेटोळं पूर्ण झालं तर माणूस जातो. ही समजूत फार जुनी. रोमन लेखक थोरल्या प्लिनीनेही ती लिहून ठेवली आहे. खरं तर कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षं दबा धरून बसतो आणि प्रतिकारशक्ती उतरली की बहुधा एकाच मज्जातंतूच्या वाटेने बाहेर येतो. तो मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूचा असतो, म्हणून पट्टा मध्यावर थांबतो.

"ते सगळं वाचलंय," काका म्हणाले. "मला एवढंच सांगा, एका डोसावर भागेल का?"

काही प्रमाणात भागेल, हे मी कबूल केलं. पण सत्तरीपुढच्यांत सुमारे नव्वद टक्के संरक्षण दिसलं ते दोन डोसांनंतर. त्यांनी लगेच हटकलं, "म्हणजे शंभरातल्या नव्वदांना होणार नाही?" तसं नव्हे. लशीविना ज्या दहा जणांना नागीण झाली असती, त्यांतल्या नऊ जणांची टळते. आयुष्यात कधी ना कधी ती साधारण तीनांतल्या एकाला होते, त्यामुळे लस न घेताही अनेक जण सुटतातच. हे ऐकून त्यांचा चेहरा जरा सैलावला. मला वाटलं होतं, असं बोलून मी माझाच मुद्दा पाडते आहे.

"आणि पहिल्या वेळी झालं तसंच दुसऱ्या वेळी होणार?"

"होईलच असं नाही. होणार नाही, असंही सांगता येत नाही. पहिल्या डोसाने ताप आला म्हणून दुसरा टाळायचा नसतो. घसा सुजणं, श्वास अडकणं अशी तीव्र ॲलर्जी आली असती तर मीच नको म्हटलं असतं."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "आणखी काय सांगायचं राहिलंय?"

मग उरलेलंही सांगितलं. गिया-बारे सिंड्रोम, म्हणजे मज्जातंतूंवर शरीराने स्वतःच केलेला हल्ला, ज्यात पाय लुळे पडू शकतात. पासष्टीपुढच्यांत या लशीच्या दहा लाख डोसांमागे साधारण तीन जादा रुग्ण असा अंदाज निघाला आणि 2021 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लशीच्या कागदांत तसा इशारा घातला. हे मी याआधी कुणालाही आपणहून सांगितलं नव्हतं. काकांनी आकडा लिहून घेतला. "दहा लाखांत तीन," स्वतःशीच म्हणाले आणि पुढे काही विचारलं नाही. मला मात्र घाम फुटला होता.

बाहेर खोकणारे सहा-सात जण ताटकळत होते, आणि काका माझं पत्रक दुरुस्त करत होते. 'थोडा' खोडला. 'सहांपैकी एकाला' असं मी सुचवलं. त्यांनी 'दर सहा जणांमागे साधारण एकाला' केलं. खाली एक ओळ स्वतःची घातली: 'पुढचे दोन दिवस मोकळे असतील असाच दिवस निवडा.'

"दुसऱ्या डोसाला किती अवधी आहे?"

"दोन ते सहा महिन्यांत घ्यायचा. म्हणजे अजून साडेतीन महिने आहेत."

खिशातली डायरी निघाली. पानं पुढे गेली, मागे आली. पुढच्या महिन्यातल्या एका शुक्रवारी त्यांनी माझं नाव लिहिलं आणि शनिवार-रविवारवर तिरपी रेघ मारली. उठले, दारापर्यंत गेले आणि वळले.

"आणि डाव्या हातात द्या. मागच्या वेळी न विचारता उजव्यात दिलंत. तीन दिवस पेन धरता आलं नाही मला."