तुम्ही विचारलंत म्हणून: ‘ताई, तुम्ही स्वतः देव मानता का?’

खंडोबाच्या परंपरेचा अभ्यास करते म्हटलं की हा प्रश्न येतोच. मानते. चंपाषष्ठीला घरी तळी उचलताना ‘येळकोट’ म्हटलं की अजूनही गळा भरून येतो. पण वही उघडल्यावर देव आहे की नाही, हे मी ठरवायला बसत नाही. तो कुणाकुणाचा आहे आणि त्याची गोष्ट कोण कशी सांगतं, एवढंच बघते.

जेजुरीचंच घ्या. गडावर खंडोबापाशी म्हाळसा. बाणाईचं देऊळ मात्र अर्ध्या वाटेवर, पायऱ्या चढताना लागणारं. दोघी त्याच्या बायका; म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. संस्कृत मल्लारिमाहात्म्यात भर आहे तो मणी-मल्ल दैत्यांच्या वधावर. धनगरांच्या ओव्यांत हाच देव बाणाईपायी चाकर होतो, मेंढरं राखतो. सुरुवातीच्या काळात एका आजींकडून ही ओवी उतरवून घेताना मी मध्येच बोलून गेले, “पण हे ग्रंथात नाही.” आजी गायच्या थांबल्या. घोंगडीत अडकलेलं कुसळ काढत म्हणाल्या, “मग ग्रंथात आमची मेंढरं हायती का?” त्या दिवसापासून सांगणाऱ्याला मी अडवत नाही, आणि ‘हायती’चं ‘आहेत’ करत नाही.

ही वाट मोठ्या माणसांनी पाडून ठेवली आहे. गुंथर सोन्थायमर जर्मनीहून आले आणि धनगरांच्या वाड्यांवर बसून ओव्या ऐकत राहिले. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावरचा त्यांचा ग्रंथ 1976 चा. लोकसंस्कृतीचे संशोधक रा. चिं. ढेऱ्यांनी 1984 साली विठ्ठलाचं मूळ गवळी-धनगरांच्या देवात दाखवलं. अशा शोधाने श्रद्धा दुखावते, असं मला ऐकवलं जातं. मला तर पट्टणकोडोलीला विठ्ठल आणि बिरदेव, म्हणजे बिरोबा, एकाच देवळात पूजले जाताना पाहून पंढरीचा विठोबा जास्तच आपला वाटला.

जड जातं ते वेगळंच. मुरळी म्हणून पोरी देवाला वाहिल्या गेल्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. तेही तितकंच नेमकं लिहावं लागतं, आपला देव आहे म्हणून हात आखडता येत नाही. एका मुरळीबाईंनी दुपारभर सगळं सांगितलं, मग रेकॉर्डर बंद करायला लावला. उठून दिवा लावला, घाटी, म्हणजे छोटी घंटा, हातात घेतली आणि मल्हारीचं एक पद म्हटलं, डोळे मिटून, पूर्ण. ते पद माझ्या वहीत नाही.