घळीत ऐकू न आलेला समास

रविवार, रात्री साडेदहा

चप्पल अजून ओली आहे. आईची पिशवी पंख्याखाली उलटी टांगलीय आणि दासबोध टेबलावर उघडा पडलाय, प्रत्येक दहा पानांत वर्तमानपत्राची घडी.

शिवथरघळीला जाऊन आलो. वरंध घाटाची पावसात खात्री नसते, म्हणून ताम्हिणीने माणगाव, महाड, बिरवाडी असा लांबचा वळसा घेतला. आई रस्ताभर गप्प होती. रोज एक समास वाचायचा हा तिचा नेम बाबा गेल्यापासूनचा. वीस दशकं, दोनशे समास. संपले की पुन्हा पहिल्यापासून. पण जिथे हे लिहिलं गेलं असं मानतात ती जागा तिने पाहिली नव्हती.

पायऱ्यांवर शेवाळ होतं. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने माझं मनगट, असं करत ती चढली. समोर धबधबा. समर्थांचा 'धबाबा' हा शब्द शाळेत पाठ केला तेव्हा नुसता गमतीचा वाटला होता. आज तो छातीत वाजत होता.

घळ म्हणजे कोरलेलं लेणं नव्हे. सह्याद्रीच्या काळ्या दगडात दोन थरांमधला मऊ भाग पाण्याने झिजत जातो, वरचा टणक थर छतासारखा राहतो. आत गारवा, छताला थेंब, आणि त्या अंधारात समर्थ सांगताहेत, कल्याणस्वामी लिहून घेताहेत अशा मूर्ती. सज्जनगडाजवळ, हेळवाकला, सगळीकडे या माणसाला घळीच का लागत, ते तिथे दोन मिनिटं बसल्यावर कळतं. विस्मरणात गेलेली ही घळ धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० मध्ये शोधून काढली. समर्थांची कागदपत्रं जमवण्यात आयुष्य घालवलेला माणूस, तो इथे पहिल्यांदा वाकून आत आला असेल तेव्हा काय वाटलं असेल त्याला!

माझ्या डोक्यात मात्र भलताच प्रश्न. एवढ्या आवाजात कल्याणस्वामींना ऐकू कसं येत होतं? आईच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून विचारलं. तिने "काय?" म्हणून हात हलवला. बहुतेक पावसाळ्यात लेखन बंद असावं, किंवा दोघं अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसत असावेत. हा आपला माझा तर्क.

मग तिने पिशवीतून पोथी काढली. मूर्तींसमोर मांडी घालून आजचा समास वाचायला लागली. ओठ हलत होते, बोट ओळीखालून सरकत होतं. मी हातभर अंतरावर होतो, एक अक्षर ऐकू आलं नाही. तुषार पानावर पडत होते. मी छत्री उघडून धरली तर तिने डोळ्यांनीच दटावलं. घळीत छत्री!

परत येताना गाडीत विचारलं, "कुठला समास होता?"

"सांगितलं की मघाशी," म्हणाली, आणि खिडकीला डोकं टेकून झोपली.

आत्ता पानं चाळून पाहिली. सगळीच ओली आहेत, त्यावरून काही कळत नाही.