खुष्कीचा अर्धा गुण

आठवीच्या इतिहासाच्या पेपरात मी लिहिलं होतं, '१४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं आणि युरोपचा खुशीचा मार्ग बंद झाला.' सरांनी अर्धा गुण कापला, वर ते उत्तर वर्गात वाचून दाखवलं. (सर म्हणजे कोण, हे आमच्या तुकडीला सांगायला नको.)

मार्चचं ऊन होतं. खिडकीबाहेरून कडब्याची गाडी चालली होती.

"तो कडबा कसा आहे रे?"

"वाळलेला, सर."

"दुसरा शब्द सांग."

"सुका."

"मग तीच तुझी खुष्की!"

इतिहास राहिला बाजूला. मूळ शब्द शुष्क, धातू शुष्. 'गत', 'कृत' यांत शेवटी त येतो. इथं मात्र क. त्यासाठी पाणिनीनं वेगळं सूत्रच केलंय, 'शुषः कः'. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात अग्नीला विनवलंय, शत्रूला 'अतसं न शुष्कम्', वाळल्या झुडपासारखं जाळ. प्राकृतात त्याचं सुक्क झालं आणि आपल्याकडं सुका. शुष्कातला पहिला श मुळात स होता, पुढच्या ष च्या संगतीनं तो बदलला. इराणात त्याच स चा ह झाला, सप्ताहाचा जुळा भाऊ हफ्ता, तसा. म्हणून पारशांच्या जुन्या धर्मग्रंथात, अवेस्तेत, हुश्क, फारसीत खुश्क. जहाजानं पाण्यावरून नाही, कोरड्या भुईवरून जायचं, तो खुष्कीचा मार्ग. खुशीशी त्याचं काही नातं नाही.

"म्हणजे सुकी भाजी ही खुष्कीची भाजी!" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं. सरही हसले. वर्षअखेरपर्यंत आमच्या डब्यातली शेंगाचटणी 'खुष्कीचा माल' होती.

घरी आम्ही वाळलंच म्हणायचो. कपडे वाळत, ज्वारी वाळत. सुकं हे भाजीपुरतं आणि 'सुक्याबरोबर ओलं जळतं' या म्हणीपुरतं.

पुढं कॉलेजात इंग्रजी कोश चाळताना 'सिअर' हा शब्द भेटला. वाळल्या पानांसाठी, करपल्या गवतासाठी वापरायचा, आता कवितेबाहेर फारसा न दिसणारा. व्युत्पत्ती बघितली तर नातेवाइकांत आपला शुष्क! तापल्या तव्यावर मांस चटकवतात, तो 'सिअर'ही त्याच घरातला. कोश काखेत मारून भर दुपारी सरांच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा लावून नोंद दोनदा वाचली.

"कडबा लांबवर गेला की रे," म्हणाले. "पण अर्धा गुण मिळणार नाही."