‘गुरुवारी कसली सुट्टी?’ : एका मैदानासाठी घातलेले सात गुरुवार

“तारीख बदला. २७ ला गुरुवार येतोय. मैदान सुट्टीच्या दिवशीच देतो आम्ही, आणि गुरुवारी कसली सुट्टी?”

२७ फेब्रुवारीच्या आमच्या कार्यक्रमासाठी शाळेचं मैदान मागायला गेलो, तेव्हा कचेरीच्या खिडकीपलीकडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते ९ जानेवारी २०२५ ला. तो दिवसही गुरुवारच होता, कारण कचेरीची कामं करायला मला तेवढाच वार मोकळा मिळतो. आज इतके महिने झाले तरी ते वाक्य आठवलं की डोकं तापतं. म्हणून सगळं लिहून काढतोय. आपल्या शहरात कामगारांचा एखादा कार्यक्रम उभा करायचा कुणाच्या मनात असेल, तर त्याला उपयोग होईल.

मी मूळचा लातूर जिल्ह्यातला. २००६ पासून पिंपरी-चिंचवडमध्ये आहे, एका कारखान्यात व्हीएमसी मशीनवर (धातू कापून सुटे भाग बनवणारं संगणकी यंत्र). आमचा वीस-बावीस जणांचा गट आहे. कुणी वेल्डर, कुणी क्वालिटीत, दोघं टूलरूमला, एक जण क्रेन चालवतो. कुणी भारूड करतं, कुणी पोवाडा म्हणतं, जळगावकडचा एक जण अहिराणीत फार सुंदर कविता लिहितो. आमच्यातच लिहिलेली पस्तीस मिनिटांची एक एकांकिकाही तयार होती. हे सगळं एकदा आपल्याच वस्तीसमोर, उघड्या मैदानावर सादर करायचं होतं.

नाट्यगृह का घेतलं नाही, असं बऱ्याच जणांनी विचारलं. शहरात नाट्यगृहं आहेत आणि त्यांचा मला अभिमान आहे. चिंचवडचं प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, संत तुकारामनगरचं आचार्य अत्रे रंगमंदिर, भोसरीचं अंकुशराव लांडगे नाट्यगृह. जानेवारी २०२४ मध्ये शंभरावं अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन याच शहरात भरलं, जब्बार पटेल अध्यक्ष होते. ‘नाटक बघायचं तर पुण्यात जावं लागतं’ हे ऐकत आम्ही इथे जगलो, त्यामुळे त्या दिवसांत रस्त्यावरच्या कमानी बघून ऊर भरून यायचा. पण आमच्या चाळीतली माणसं नाट्यगृहाची पायरी चढत नाहीत. लहान मूल कडेवर, स्वयंपाक अर्धा टाकून आलेली बाई, गावाकडून आलेले म्हातारे वडील, या सगळ्यांना चालत येता आलं पाहिजे आणि मधेच उठून जाता आलं पाहिजे. त्यासाठी मैदानच हवं. वस्तीला लागून एका प्राथमिक शाळेचं मैदान आहे. ती शाळा कोणती आणि परवानगी देणारं कार्यालय कोणतं, ते इथे लिहीत नाही.

आता तारखेबद्दल. २७ फेब्रुवारी म्हणजे मराठी भाषा गौरव दिन, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्यानंतरचा हा पहिलाच. आणि तो नेमका गुरुवारी आलेला. मी कॅलेंडर काढून बघितलं, असा योग पुन्हा थेट २०३१ साली येतो. सहा वर्षं थांबायची माझी तयारी नव्हती.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे औद्योगिक पट्ट्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार एकाच दिवशी पडू नये म्हणून औद्योगिक भागांना वेगवेगळे वार वाटून दिले गेले, त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला. मग सगळं आयुष्यच त्या वाराला बांधलं गेलं. खोली बघायची तर गुरुवारी, दाढी-कटिंग गुरुवारी, मुलगी बघायला जायचं तेही गुरुवारी. रविवारी सकाळी सातला पहिली पाळी नेहमीसारखी सुरू होते. आमच्या बावीस जणांपैकी चौदा जण रविवारी मशीनवर असतात. त्यामुळे “रविवार घ्या ना” हा सल्ला ऐकायला सोपा असला तरी त्याचा अर्थ ‘कार्यक्रम करू नका’ असाच होता.

पहिल्या दिवशी अर्ज घेतलाच नाही. दुसऱ्या गुरुवारी, १६ तारखेला, टेबलावरचे भाऊसाहेब म्हणाले, “ठेवून जा, बघतो.” मी ठेवून आलो. इथे माझी मोठी चूक झाली, आणि ही चूक कुणीही करू नये. अर्ज कुणाच्याही हातात द्यायचा नाही. आवक-जावकच्या टेबलावर द्यायचा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. तो क्रमांक नसेल तर तुमचा अर्ज त्या इमारतीत आलेलाच नसतो. २३ तारखेला गेलो तर अर्ज सापडेना. दोन कपाटं उघडली, एक गठ्ठा सोडला, शेवटी “नवीन द्या” झालं. नवीन दिला, पोच घेतली. तीन गुरुवार गेले ते असे.

आणखी एक आत्ताच आठवलं. अर्जासोबत कार्यक्रमाची मिनिटागणिक रूपरेषा जोडा. आम्ही पहिल्यांदा नुसतं ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ लिहिलं होतं. तेवढं वाचून समोरच्याच्या डोळ्यांपुढे डीजे उभा राहतो.

पोच घेताना ‘सुट्टीचा पुरावा जोडा’ असं सांगितलं होतं. कामगाराने आपल्या सुट्टीचा पुरावा द्यायचा, हे मला आत कुठेतरी लागलं. तरीही आणला. कंपनीच्या टाइम ऑफिसमधून लेटरहेडवर पत्र घेतलं आणि गेटजवळच्या फलकावर लावलेल्या साप्ताहिक सुट्टीच्या नोटिशीचा फोटो काढला. ३० जानेवारीला दोन्ही घेऊन हजर. उत्तर मिळालं, “ही तुमच्या खासगी कंपनीची सुट्टी झाली. सार्वजनिक सुट्टी दाखवा.”

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. खरं सांगतो, हातपाय गळाले होते. खासगी कंपनीची? या शहरात १९५४ साली पिंपरीत पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला, मग वसाहतींमागून वसाहती आल्या. १९७० ला नगरपालिका झाली आणि ११ ऑक्टोबर १९८२ ला महानगरपालिका. गावांचं शहर झालं ते कारखान्यांमुळे आणि त्यात पाळ्या करणाऱ्या माणसांमुळे. त्या शहरात गुरुवार ही कुणा एका कंपनीची खासगी गोष्ट कशी असेल?

त्या रात्री आमच्या युनियनमधल्या एका जाणत्या दादांना फोन केला. ते म्हणाले, “अरे, कारखाने अधिनियम वाच. चिडून काय होणार?” वाचला. तेव्हा (नोव्हेंबर २०२५ पर्यंत) लागू असलेल्या १९४८ च्या त्या कायद्यात ‘आठवडा’ या शब्दाची व्याख्या दिलेली होती. शनिवारी मध्यरात्रीपासूनचे सात दिवस, किंवा एखाद्या भागापुरतं मुख्य कारखाना निरीक्षकाने लेखी मान्य केलेल्या दुसऱ्या कुठल्या रात्रीपासूनचे सात दिवस. म्हणजे एखाद्या भागाचा आठवडा वेगळ्या रात्री सुरू होऊ शकतो, हे कायद्यालाच मान्य होतं. पुढे कलम ५२ साप्ताहिक सुट्टीचं. आठवड्याच्या पहिल्या दिवशी काम घ्यायचं असेल तर त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत सुट्टी द्यावी लागायची आणि बदलाची नोटीस कारखान्यात लावावी लागायची. फलकावरचा तो कागद मी कितीदा न वाचता ओलांडला होता! त्याला कायद्याचं पाठबळ आहे हे मला एकोणीस वर्षांनी कळलं. दोन्ही पानांच्या प्रती काढल्या आणि पिवळ्या मार्करने ओळी रंगवल्या.

६ फेब्रुवारीला सव्वादहा ते चार बाकावर बसलो. परवानगी देणाऱ्या मॅडम मीटिंगमध्ये होत्या. पाणी प्यायला उठलो तरी नंबर जाईल या भीतीने तसाच बसून राहिलो.

१३ ला भेट झाली. मॅडमनी पानं वाचली, नीट वाचली, हे मी मान्य करतो. मग म्हणाल्या, “तुमचं बरोबर आहे हो, पण आमच्या अटीत ‘शाळेच्या सुट्टीचा दिवस’ आहे. शिवाय दहावी-बारावीच्या परीक्षा चालू आहेत. २ मार्चचा रविवार देते, लगेच सही करते.” परीक्षेचा मुद्दा रास्त होता. बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू झालेली, दहावीची २१ ला होणार होती. पण ही शाळा चौथीपर्यंतची, तिथे केंद्र नव्हतं, आणि आम्ही शाळा सुटल्यावर साडेपाचनंतर मैदानात पाऊल ठेवणार होतो. मी हे सांगितलं. पुन्हा ‘अट’. तेव्हा मी शांतपणे एकच विनंती केली, “मॅडम, मग गुरुवार ही सुट्टी धरता येत नाही, एवढं लेखी द्या. आम्ही वरती अर्ज करू.”

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग माझ्याच अर्जाच्या समासात त्यांनी काहीतरी लिहिलं आणि फाईल बाजूला ठेवली. हीच युक्ती सगळ्यांनी लक्षात ठेवावी असं मला वाटतं. भांडू नका, आवाज चढवू नका, ओळखी काढू नका. नकार लेखी मागा. तोंडी ‘नाही’ म्हणणारा माणूस तेच कागदावर लिहिताना पुन्हा विचार करतो.

२० तारखेला “फाईल वर गेलीय” एवढंच कळलं. इथून पुढे माझी झोप उडाली, कारण कार्यक्रमाआधीचा गुरुवार संपला होता आणि २६ ला महाशिवरात्रीची सुट्टी. म्हणजे २५ ला हातात कागद आला नाही तर खेळ खलास. बाकी सगळं तयार होतं. पोलिसांचा लाऊडस्पीकर परवाना दोन फेऱ्यांत झाला, नाटकाची संहिता तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आधीच आलं होतं (संहिता तालमी सुरू करायच्या आधी पाठवा, नंतर नाही), मांडववाला, अग्निशमनाचं सिलिंडर, सगळं जागच्या जागी. पण हे सगळं ज्या मैदानावर मांडायचं, तेच नव्हतं.

२५ ला माझी पहिली पाळी होती. साडेतीनला पंच करून तसाच, ग्रीसच्या हातांनी गाडीला किक मारली. पाच वाजून वीस मिनिटांनी पत्र हातात पडलं. त्यावर लिहिलं होतं : ‘औद्योगिक साप्ताहिक सुट्टी (गुरुवार) विचारात घेऊन, शाळा सुटल्यानंतर सायं. ५.३० ते रात्री ९.४५ या वेळेत.’ मी ती ओळ तिथेच उभ्यानं तीनदा वाचली. परवानगीचा आनंद होताच, पण आपला गुरुवार सरकारी कागदावर उमटलेला बघून डोळ्यांत पाणी आलं.

वेळेबद्दल एक सांगून ठेवतो. उघड्यावर रात्री दहानंतर लाऊडस्पीकर चालत नाही, ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम तसे आहेत. दहापर्यंतचा कार्यक्रम आखू नका, साडेनऊचा आखा. आभारप्रदर्शन नेहमीच लांबतं. आणि कुणा दुसऱ्याचं गाणं-नाटक करणार असाल तर हौशी मंडळ, बिनतिकीट प्रेक्षक असल्यास कॉपीराइटच्या कायद्यात सवलत आहे. तिकीट लावलंत की लेखी परवानगी घ्यावी लागेल.

कार्यक्रम झाला. सतरंज्या कमी पडल्या, लोक शाळेच्या कट्ट्यावर आणि कुंपणावर बसले. अहिराणी कविता सुरू झाली तेव्हा मागच्या अंगाला बसलेल्या खानदेशातल्या बायकांनी अशी काही दाद दिली की कवी दोन ओळी विसरला, आणि त्यांनीच त्याला थांबवून पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं. शेवटी तुकोबांचे अभंग झाले. देहू इथून हाकेच्या अंतरावर, आणि आषाढी वारीत पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते, त्यामुळे अभंगांना सगळं मैदान गात होतं. एक आजोबा, बहुधा निवृत्त कामगार, जाताना माझा हात धरून म्हणाले, “आमच्या वेळी असं दाराशी कुणी आणलं नाही रे.” दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या पाळीला उभं राहताना पाय दुखत होते, पण शॉपवर चहाच्या वेळी सगळे त्याच गप्पा मारत होते.

मैदानाची अनामत रक्कम मिळायला पुढे आणखी दोन गुरुवार गेले. पावती जपून ठेवा, झेरॉक्स चालत नाही.

आणि महत्त्वाचं तर राहूनच गेलं. गुरुवार हा आमच्याकडे वीजवाहिन्यांच्या दुरुस्तीचाही दिवस असतो. मांडवाचा मीटर घेतलात तरी आदल्या दिवशी उपकेंद्रात फोन करून आपला फीडर बंद राहणार आहे का, ते विचारा. आम्ही विचारलं नव्हतं. लाईट नव्हती, आणि साउंडवाल्याने स्वतःच्या डोक्याने जनरेटर आणला होता म्हणून माइकची चाचणी वेळेवर झाली.