बावीस अंशांतली थंडी

कोपनहेगनमधल्या आमच्या घरात हिवाळ्यात तापमान २२ अंश असतं, तरी खिडकीजवळच्या खुर्चीत कुणी फार वेळ टिकत नाही. हवा सगळ्या खोलीत तीच. पण शेजारी गारढोण काच असते, आणि न शिवताही ती अंगातली ऊब ओढून घेते. दोन हात आत सरकलं की तेच २२ अंश सुखाचे वाटतात.

सांगलीत मे महिन्यात नेमकं उलटं. रात्री दहाला अंगणात वारं सुटलेलं असतं आणि वरच्या खोलीत पाऊल टाकवत नाही. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर आपली उष्णता खाली सोडत बसतो, पंखा तीच हवा घुसळतो. म्हणून गाद्या गच्चीवर. आई संध्याकाळी बादलीनं पाणी मारायची. वाफ होता होता ते फरशीची धग घेऊन जायचं. वर आकाश निरभ्र असलं की अंगातली उष्णता थेट तिकडे जाते, त्यामुळे वारा पडला तरी पहाटे चादर लागायची. वळवाआधी ढग दाटले की मात्र सगळंच बिघडतं. वरून उष्णता परत येते, घाम वाळत नाही, नुसती तगमग.

हे सगळं सूत्रात बसवलं ते डेन्मार्कच्याच ओले फांगर या संशोधकांनी, १९७० च्या सुमारास. हवेचं तापमान, भोवतालच्या भिंती-छताचं तापमान, वारा, दमटपणा, अंगावरचे कपडे आणि आपण करत असलेलं काम, असे सहा घटक. मला त्यातला सर्वात आवडता भाग असा, की सगळं मनासारखं जुळवलं तरी शंभरातले पाच जण कुरकुरणारच, हे त्यांनी हिशोबातच धरलंय! सांगलीच्या घरी माणसं चारच, तरी रेग्युलेटरवरून रोज वाद. अण्णांना पंखा पाचवर हवा, आईला दोनवर.

कोपनहेगनमधल्या जूनचा त्रास वेगळाच. सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. हवा छान गार, पण उजेडामुळे डोळा लागत नाही. जाड काळे पडदे लावल्याशिवाय झोपेचं नाव नको.

धाकटा भाऊ सांगलीतल्या वरच्या खोलीला एसी बसवायचा म्हणतोय. मी सांगितलं, आधी गच्चीला पांढरा चुना मार, म्हणजे स्लॅब मुळात कमी तापेल. मग एसी २६ वर ठेव आणि सोबत पंखा लाव, वाऱ्यामुळे तेवढं पुरतं. त्याला १८ च हवंय. बिल तोच भरणार, तेव्हा मी किती बोलणार?